खुब्याचा पोतारा

आमच्या आईच्या उजव्या खुब्यात लोखंड होतं, असं कोणी म्हटलं की मी त्याला तिथल्या तिथं थांबवते. लोखंड नव्हतं. टायटॅनियम होतं, आणि त्याच्यावर कॅल्शियम फॉस्फेटचा थर दिलेला होता. मग समोरचा माणूस म्हणतो, तेच ते. तेच ते नाही हो. या ‘तेच ते’शी मी अर्धं आयुष्य भांडत आले आहे. सुरुवात घरातूनच केली होती.

आमचं घर नाचणगावचं. वडील मी कॉलेजात असतानाच गेले, आणि त्यानंतर घरात शब्द चालायचा तो मोठ्या बाबांचा. मोठे बाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. शेतं त्यांनीच सांभाळली, माझ्या भावाला त्यांनीच नोकरीला लावलं, हे मी नाकारत नाही. पण माणसाने उपकार केले म्हणून त्याने आपल्या डोक्यावर बसावं, हे मला कधी पटलं नाही. आईला पटत नव्हतं, पण ती बोलायची नाही. तिच्या वाटणीचं मी बोलायची. त्यामुळे घरातली तोंडाळ पोरगी ही पदवी मला बाकीच्या पदव्यांच्या खूप आधी मिळाली.

मी नागपूरला रसायनशास्त्र शिकले आणि पुढे संशोधनालाही तिथंच राहिले. काम होतं धातूवर कॅल्शियम फॉस्फेटचा थर चढवण्याचं. माणसाचं हाड ज्याचं बनलेलं असतं, जवळपास त्याच पदार्थाचा. शरीरात नुसता धातू बसवला तर हाड त्याला पाहुण्यासारखं दूर ठेवतं. मधे एक पातळ पडदा तयार करतं आणि मग तो धातू हलायला लागतो. पण धातूवर हा थर असला की हाडाला तो आपल्यातलाच वाटतो आणि ते त्याच्यावर वाढायला लागतं. एवढीच गोष्ट आहे. ती सांगायला दोन मिनिटं लागतात. करायला माझी सगळी तरुणपणाची वर्षं गेली.

मोठ्या बाबांनी गावात सांगून ठेवलं होतं, “पोट्टी नागपुरात लोखंडाले चुना लावाले शिकून राह्यली.” पारावर हशा व्हायचा. सुट्टीत घरी आले की कोणीतरी विचारायचंच, “काय वं, लावला का चुना?” मी म्हणायची, “तुम्हाले लावाले आली नं.” आई आतून खोकायची. तो खोकला म्हणजे गप बस असा होता, पण त्यात थोडं हसूही असायचं, ते मला कळायचं.

प्रयोगशाळेत मी टायटॅनियमच्या पट्ट्या घ्यायची. त्या आम्लात खरबरीत करायच्या, मग रक्तात असतात ते सगळे क्षार विरघळवलेल्या पाण्यात अंगाएवढ्या कोमट ठेवायच्या आणि वाट पाहायची. पट्टीवर पांढुरकी साय धरायला लागली की जीवात जीव यायचा. मग ती पट्टी बाहेर काढून मी नळाखाली धरायची आणि अंगठ्याने चोळायची. कागदावर लिहायच्या चाचण्या वेगळ्या असतात. त्यांना यंत्रं लागतात आणि सह्या लागतात. पण माझी पहिली परीक्षा अंगठ्याची. थर पाण्यासोबत निघून गेला तर पुढचं सगळं व्यर्थ. आणि तो निघून जायचा. कधी पापुद्र्यासारखा, कधी नुसतं दूध सांडल्यासारखा. मार्गदर्शक म्हणायचे, शास्त्र असंच असतं. असेल. मला रडू यायचं, आणि रडू आलं की राग यायचा. त्या रागावरच मी काम पुरं केलं. शेवटी काही पट्ट्यांवर थर टिकला, पदवी मिळाली आणि पुलगावच्या कॉलेजात मी शिकवायला लागले. पण त्या निघून गेलेल्या पट्ट्या माझ्या अंगठ्याच्या चांगल्याच लक्षात राहिल्या.

आई पडली ती कापसाची वेचणी आटपल्यावर. सकाळी अंगणात सडा टाकला आणि त्याच ओल्यावरून गोठ्याकडे जाताना पाय सरकला. बाकी काही नाही. पाय बाहेरच्या अंगाला वळून पडला होता आणि ती म्हणत होती, “थांबा, उठते न मी.” उठता येत नव्हतं. खुब्याच्या गोळ्याखालचं हाड मोडलं होतं.

मोठ्या बाबांनी आधी गावातल्या हाडं बसवणाऱ्याला बोलावणं धाडलं. मी तोवर गाडी दारात आणली होती. “हात लावू देणार नाही,” म्हणाले मी. “तू कोण ठरवणारी?” ते म्हणाले. मी म्हटलं, “जिचा पाय हाय तिले विचारा.” आई फळीवर झोपलेली होती, कपाळावर घाम. ती म्हणाली, “गाडीत टाका मले.” आयुष्यात पहिल्यांदा तिने मोठ्या बाबांसमोर स्वतःची गोष्ट स्वतः ठरवली, असं मला तरी वाटलं. कोणाला पटो न पटो, तिला गाडीत टाकलं.

वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टर शांत माणूस होता. त्याने क्ष-किरणाची फिल्म काचेवर लावली आणि सांगितलं, खुबा बदलावा लागेल. दांडा हाडाच्या पोकळीत ठोकून बसवायचा, वर गोळा, आणि गोळ्यासाठी वाटी. दांडा पक्का करायचे दोन मार्ग. एक, हाडाचं सिमेंट भरायचं. ते लगेच धरतं. दुसरा, सिमेंट नाही. दांड्यावर कॅल्शियम फॉस्फेटचा थर असतो, हाडच त्याच्यावर वाढून त्याला धरतं, पण त्याला वेळ लागतो आणि पेशंटने सांभाळावं लागतं.

मोठे बाबा लगेच म्हणाले, “सिमेंटच लावा साहेब. मजबूत राह्यते.” जणू पायरी बांधायची होती.

माझ्या तोंडाला कुलूप लागलं होतं. मी, जिने अख्खी विद्यापीठं ऐकतील अशा आवाजात या थराची बाजू मांडली, ती तिथे गप्प. कारण आता पट्टी नव्हती, आई होती. कारखान्यात थर कसा देतात ते मला ठाऊक होतं. पांढरी भुकटी भयंकर तापलेल्या झोतातून धातूवर मारतात, आणि तो थर माझ्या सायीपेक्षा कितीतरी पक्का असतो. तरी माझ्या अंगठ्याला भीती वाटत होती. निघाला तर?

आईने डॉक्टरला विचारलं, “कोणत्यात माया हाडाले काम करा लागते?”

डॉक्टर म्हणाला, “बिनसिमेंटच्यात, आजी.”

“मंग तेच बसवा. मी आयतं खाणारी बाई नाई.”

डॉक्टरने तिचं हाड तपासून घेतलं होतंच. कापूस वेचून, मोळ्या वाहून घट्ट झालेलं हाड. तो म्हणाला, चालेल, तुमचं हाड काम करणारं आहे. आई एवढी खूश झाली की जसं तिला कोणी प्रमाणपत्र दिलं. मोठे बाबा बाहेर बाकावर जाऊन बसले. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाले, “या वयात अंगात लोखंड घ्याचं. आणि उद्या मेल्यावर? हाडात लोखंड मिसळलं तर अस्थी कशा म्हणाच्या त्याले? गती कशी लागन?” मी म्हटलं, “आधी ती चालू द्या, मग गतीचं पाहू.” त्यांनी पाणी घेतलं नाही.

ते चिडून बोलत होते असं नाही, आणि तेच जास्त वाईट. त्यांना खरंच काळजी होती. त्यांच्या हिशेबी माणूस जेवढा आला तेवढाच गेला पाहिजे, वरून काही चिकटलेलं नको. आईने हे सगळं ऐकलं होतं. दार उघडंच होतं. ऑपरेशनला नेताना ती मला म्हणाली, “मी बी बाहेरूनच आली होती या घरात. आता मले कोण काढते?”

ऑपरेशन नीट झालं. आई वॉकर घेऊन घरी आली. पाय जरा सांभाळून टेकवायचा, मांडी घालून बसायचं नाही, उकिडवं बसायचं नाही. चुलीसमोर बसून जन्म गेलेल्या बाईला खुर्चीवर बसवणं म्हणजे शिक्षाच. ती खुर्चीवर बसून सगळ्यांना हुकूम सोडायला लागली. भावाची बायको सासूला आत्याबाई म्हणायची. ती म्हणाली, “आत्याबाई खुर्चीवर बसल्यापासून तहसीलदार झाल्या.” आई म्हणाली, “आधीपासूनच होती, खुर्ची आत्ता भेटली.”

एके दिवशी तिने मला विचारलं, हा थर थर म्हणतेस तो नेमका काय? मी काय सांगणार? खायचा चुना म्हटलं तर ती पानातला चुना दह्यात घालून खायला लागेल. तशी सुरुवात शेजारणींनी करून दिलीच होती. म्हणून मी म्हटलं, “आपण भिंतीला पोतारा देतो न, तसा. दांड्याला पोतारा दिलेला आहे.” आमच्याकडे दसऱ्याच्या आधी पांढरी माती कालवून मातीच्या भिंतींना हात देतात, त्याला पोतारा म्हणतात. आईने मान हलवली. तिला एकदम समजलं. मलाही माझ्यावर खूश व्हायला झालं, की बघा, किती सोपं सांगता येतं.

मग काही दिवसांनी मी रविवारी घरी गेले तर न्हाणीघरात आई आणि भावाची बायको वाद घालत होत्या. टाके निघून जखम कधीच भरली होती, डॉक्टरने पाणी घ्यायला सांगितलं होतं. आणि आई उजव्या मांडीला आणि कमरेला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून, वर नाडा बांधून, डाव्याच अंगावर पाणी घेत होती. उजवी बाजू रोज ओल्या फडक्याने पुसायची, तेवढंच. भावाची बायको म्हणाली, “मी सांगून थकली बाप्पा, ऐकतच नाई.”

“काऊन असं करून राह्यली?” मी विचारलं.

“पोतारा पाण्यानं जाते न,” आई म्हणाली. “दरसाली जाते. भिंतीचा जाते, मग याचा नाई जाणार? मी पाणी कमी घेतलं का तेवढा टिकन. नाईतर दरसाली डॉक्टर मांडी फाडन अन् नवा पोतारा देईन. तुया मोठ्या बाबाचं तोंड पुन्हा उघडन.”

मी न्हाणीच्या उंबऱ्यावरच बसले. हसावं की रडावं. एवढे दिवस ही बाई अर्धं अंग कोरडं ठेवत होती, फक्त माझ्या शब्दावर. मी तिला सांगितलं, चामडी आहे, मांस आहे, पाणी तिथवर जातच नाही. आणि हा पोतारा राहायलाच नसतो गं. हाड त्याला हळूहळू खातं आणि त्याच्या जागी स्वतः येतं. भिंतीनं पोतारा गिळला आणि त्याची भिंत केली, असं समज.

आईने नाड्याच्या गाठीवर हात ठेवला. “म्हणजे शेवटी राह्यते ते मायंच?”

“तुयंच.”

“मंग आधी काऊन नाई सांगितलं?” असं म्हणून तिने पिशवी सोडली आणि उजव्या मांडीवर गरम पाण्याचा अख्खा लोटा ओतला. तिच्या चेहऱ्यावरचं सुख मला अजून दिसतं. भावाच्या बायकोने दुसरा लोटा भरून दिला.

पुढच्या तपासणीला डॉक्टरने नवी फिल्म लावली. मी आधी पाहिली, तिला काही न विचारता. धातू आणि हाड यांच्या मधे काळी रेघ असते का, ते मी शोधत होते. रेघ म्हणजे पडदा, पडदा म्हणजे हाडाने परकं मानलं. रेघ नव्हती. कुठेच नव्हती. मी दोनदा पाहिली आणि खोटं कशाला बोलू, डॉक्टरसमोर माझे डोळे भरले. डॉक्टर आईला म्हणाला, “हाडाने धरलंय. आता हे तुमचंच.” आई म्हणाली, “मी त्या दिवशीच सांगितलं होतं.” मोठे बाबा बाहेरच्या बाकावर बसून होते. त्यांना आत बोलावलं नाही आणि ते आले नाहीत.

गिरडच्या टेकडीवर जाऊन येईन, असं आई पडल्या दिवसापासून म्हणत होती. तिथल्या दर्ग्याला आमच्या घरातून पिढ्यान्‌पिढ्या जातात. मोठ्या बाबांनी सांगितलं होतं, जायचंच असेल तर खाली नमस्कार कर, वर पोट्टे नारळ नेऊन ठेवतील. आईने ते ऐकून घेतलं आणि पुढच्या हिवाळ्यात मला म्हणाली, चल. काठी घेतली होती. ती तिने पायथ्याशीच माझ्या हातात दिली. पायऱ्या चढताना मधे मधे थांबली, पण बसली नाही. कोणी विचारलं, माय, दमली का? तर म्हणायची, “दमली तुयी माय. मी पाहून राह्यली गाव केवढं वाढलं ते.”

त्या टेकडीवर गोल गोल खडे मिळतात. जुने लोक सांगतात, एक व्यापारी दर्ग्यातल्या बाबांशी खोटं बोलला म्हणून त्याच्या सुपारी-जायफळाच्या मालाचा दगड झाला, ते हे खडे. मी भूगर्भशास्त्रवाल्या मित्रांकडून त्यांचं खरं कारण ऐकलेलं होतं, पण त्या दिवशी तोंड बंद ठेवलं. आईने एक खडा उचलला, हातात फिरवला आणि म्हणाली, “मालाचा दगड होते. मग लोखंडाचं हाड काऊन नाई होणार?”

“लोखंड नाई, टायटॅनियम,” मी म्हटलं.

“तेच ते,” ती म्हणाली, आणि माझं तोंड पाहून स्वतःच हसली. मग जरा वेळाने, खाली धुरकट शेतं दिसत होती तिकडे पाहत म्हणाली, “एक गोष्ट ठेवजो लक्षात. मी मेली का तुये मोठे बाबा हे वेगळं काढतीन. भंगारात टाकतीन. काढू देऊ नोको. माया हाडात मोज. मी वाढवलं हे.” मी म्हटलं, आत्ता कशाला. ती म्हणाली, “आत्ताच सांगते. चढून आली म्हणून सांगते. खाटेवरून सांगितलं असतं तर तू म्हटली असती, म्हातारी बरळून राह्यली.” मी हो म्हटलं. तिने तो खडा पदराच्या गाठीत बांधला.

त्या खुब्यावर ती पुढे कितीतरी वर्षं चालली. शेतात गेली, लोकांच्या लग्नाला, मयताला गेली, भावाच्या पोरांमागे धावली. लंगडली कधी नाही. मोठे बाबा म्हातारे होत गेले, त्यांचेच गुडघे गेले, आणि तरी पाहुण्यांसमोर सांगायचे, “भावजयीच्या पायात लोखंड हाय.” मी असले की लगेच दुरुस्त करायची. नसले की आई करायची, आणि म्हणे टायटॅनियम हा शब्द ती माझ्यापेक्षा ठसक्यात म्हणायची.

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. ताप आला, छातीत पाणी झालं, आणि दवाखान्यात दोनच दिवस काढले. शेवटपर्यंत पाय बरा होता. मला तिच्यासाठी किती वाईट वाटतं ते मी इथे लिहीत बसणार नाही. लिहायला घेतलं तर दुसरं काही लिहून होणार नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला जायचं होतं. आमच्याकडे राखेला पुरुषच जातात. मी सकाळी आंघोळ करून, ओल्या केसांनी, गाडीजवळ जाऊन उभी राहिले. मोठे बाबा काठी टेकत आले. म्हणाले, “पोरी राखेले येत नाईत.” मी म्हटलं, “मी येते.” ते म्हणाले, “तू मले शिकवू नोको.” मी म्हटलं, “शिकवत नाई. येऊन राह्यली.” माझ्या भावाने मागचं दार उघडलं. आयुष्यभर गप्प राहणारा माणूस, पण दार उघडण्याच्या वेळी त्याने उघडलं, हे मी त्याच्या खात्यात कायम धरते.

राखेवर दूध-पाणी शिंपडलं. हाडं हाताने वेचायची आणि मडक्यात ठेवायची. राखेत ती हलकी, पांढरी, बोटाने दाबली तर भुगा होणारी असतात. भाऊ वेचत होता, मीही वेचायला बसले. मोठ्या बाबांनी नजर वळवली, पण थांबवलं नाही. तेवढ्यात माझ्या बोटांना जड काहीतरी लागलं.

दांडा. वरचा गोळा त्याला तसाच. आगीने धातूचा रंग निळसर-काळपट झाला होता. खालचा गुळगुळीत भाग उघडा. आणि वरचा, जिथे थर दिलेला असतो तो खरबरीत भाग पांढरा. राख लागली असेल म्हणून मी फुंकर मारली. राख उडाली. पांढरं राहिलं.

स्मशानात लाकडं रचायचं काम बघणारा माणूस सवयीने पुढे आला आणि हात पुढे करून म्हणाला, “हे इकडं द्या ताई, वेगळं ठेवतो आम्ही. लई जणांचं निघते.” त्याचा त्यात काही दोष नव्हता. मी दिलं नाही.

“दे त्याले,” मोठे बाबा म्हणाले. “ते अस्थीत जात नाई.”

“जाते.”

“लोखंड जात नाई.”

“लोखंड नाई हे.”

“तेच ते. बाई, आईची गती अडवते का तू?”

मी उभी राहिले. माझे गुडघे राखेने भरलेले होते. मी म्हटलं, “मोठे बाबा, आईने गिरडच्या टेकडीवर उभं राहून मला सांगितलं होतं, हे माया हाडात मोज. मी हो म्हटलं होतं. हे बाहेरून आलं हे खरं. तीही बाहेरूनच आली होती. तिने तुमच्या घरात पोरं वाढवली, तसं याच्यावर हाड वाढवलं. ज्याला ती आपलं म्हणाली ते परकं ठरवायचा हक्क तुम्हाला नाही, मला नाही, कोणालाच नाही.” एवढं लांब मी त्यांच्यासमोर पहिल्यांदाच बोलले, आणि तेही त्यांच्या भाषेत नाही, वर्गात बोलते तशा भाषेत. रागात मला कोणती भाषा येईल याचा भरवसा नसतो.

मोठे बाबा खाली वाकले. त्यांना वाकता येत नाही, तरी वाकले आणि निरखून पाहिलं. त्यांना ते पांढरं दिसलं. मग ते भावाला म्हणाले, “ठीक हाय. हाड असन तर हाड घ्या. ते खरवडून मडक्यात टाका अन् लोखंड बाजूले ठेवा. हाड तिचं, लोखंड परकं. हाय का नाई न्याय?”

खरं सांगते, त्यांनी ते न्यायाने म्हटलं होतं. भावाने माझ्याकडे पाहिलं. मी दांडा त्याच्या हातात दिला. का दिला? कारण मला ते पाहायचं होतं. इतकी वर्षं नळाखाली अंगठा घासणाऱ्या बाईला दुसरा मार्ग माहीत नाही.

भावाने नखाने खरवडलं. थोडी भुकटी सांडली. त्याने ती ओंजळीत धरून मडक्यात टाकली. पुन्हा खरवडलं, पुन्हा थोडी. मग खिशातून गाडीची किल्ली काढली आणि तिच्या टोकाने घासायला लागला. कर्र कर्र असा आवाज. वरचं वरचं सुटत होतं आणि खाली पांढरं तसंच. धातूच्या खाचाखाचांत शिरून बसलेलं. बाकी सगळ्या अंगाची हाडं आगीने मोकळी केली होती, बोटाने भुगा होत होती. हे एवढंच धरून बसलं होतं. भाऊ थांबला. त्याचे डोळे गळत होते.

“सुटत नाई, मोठे बाबा,” तो म्हणाला.

मोठे बाबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले, आणि मग त्या माणसाला म्हणाले, “तुमचं काय ते बाकीचं पाहा, हे आमचं हाय.” एवढंच. मी त्यांचे आभार मानले नाहीत. मानायचं कारण नव्हतं.

वाटी सापडली, ती मडक्यात बसली. दांडा बसेना. मडकं लहान, दांडा लांब. तिरपा घातला, उभा घातला, गोळ्याचं टोक वरच राहायचं. मडक्याचं तोंड पांढऱ्या फडक्याने बांधायची रीत आहे. ते बांधता येईना. भाऊ म्हणाला, मोठं मडकं आणतो. मी म्हटलं, नको. मी मडकं तसंच मांडीवर घेतलं आणि गाडीत पुढे बसले. पुलगावच्या बाजारात गाड्या अडकल्या होत्या. लोक काचेतून पाहत होते. उघडं मडकं, त्यातून वर आलेला आईचा खुबा. ओळखीचे लोक होते, विद्यार्थी होते. एका बाईने हात जोडले, एकीने तोंड फिरवलं. मी झाकलं नाही. मोठ्या बाबांसमोर ती अर्धं आयुष्य तोंड झाकून बसली होती.

वर्धा नदीला उन्हाळ्याने पाणी थोडंच होतं. भाऊ गुडघ्याएवढ्या पाण्यात गेला, मोठे बाबा काठावर उभे राहिले. मी साडी खोचून भावाच्या पुढे गेले. हाडं सोडली, राख सोडली. शेवटी दांडा राहिला. मी तो वाहत्या पाण्यात धरला, तसाच जसा पट्ट्या नळाखाली धरायची. अंगठा त्या पांढऱ्यावर ठेवला आणि चोळला. जोर लावून चोळला. पाणी स्वच्छ वाहत होतं.

“आई,” मी म्हटलं, मोठ्याने, काठावर ऐकू जाईल असं, “पाह्य. पोतारा गेला नाई.”

मग सोडला.